पेशीचे कुंपण आणि आपले पीक

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर 'पेशीपटल : रचना व कार्ये' असा लिहिला आहे. तो वाचून, हा विषय अकरावी-बारावीच्या मुलांचा, आपला नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. म्हणून आरंभीच आपल्याला चार प्रश्न विचारतो.

जानेवारीच्या थंडीत केळीची पाने पिवळी पडतात आणि फळाची साल काळवंडते, ती का? घरचे सोयाबीन दिसायला टपोरे असते, तरी पेरल्यावर निम्मेच उगवते, ते का? शेतात पाणी साचलेले असताना कपाशी पाण्यावाचून सुकल्यासारखी माना टाकते, ती का? आणि क्षारपड रानात वेळच्या वेळी पाणी देऊनही ऊस तहानलेलाच दिसतो, तो का?

हे चार प्रश्न चार वेगळ्या पिकांचे आहेत. आपण त्यांची उत्तरेही चार ठिकाणी शोधतो. कोणी टॉनिक मारतो, कोणी खताचा जादा हप्ता देतो, कोणी बुरशीनाशक आणतो. पण या चारही नुकसानींचे मूळ बऱ्याच अंशी एकाच जागी आहे. ती जागा म्हणजे पेशीभोवतीचा अतिशय पातळ पडदा, म्हणजेच पेशीपटल. हा पडदा बिघडला की पीक बिघडते. तो कसा बांधलेला आहे हे एकदा समजले, की कोणता खर्च करावा आणि कोणता टाळावा हे ठरविणे सोपे जाते.

पेशीपटल म्हणजे काय?

कांद्याच्या पातीचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर विटा रचल्यासारखे कप्पे दिसतात. हा प्रत्येक कप्पा म्हणजे एक पेशी होय. आपल्याला जी रेघ दिसते ती पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची भिंत. ही भिंत झाडाला ताठपणा व आकार देते. पण ती राखण करीत नाही. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार तिच्यातून सहज आरपार जातात. शेताभोवती रचलेल्या दगडी गडग्यातून पावसाचे पाणी जसे निघून जाते, तसाच हा प्रकार आहे.

खरे राखणीचे काम या भिंतीला आतून चिकटून असलेले पेशीपटल करते. त्याची जाडी अवघी ७ ते ८ नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. म्हणजेच एक मिलिमीटर जाडी होण्यासाठी अशी सव्वा लाखाहून अधिक पटले एकावर एक रचावी लागतील.

हे पटल मुख्यत्वे दोन पदार्थांचे बनलेले असते : मेद आणि प्रथिने. यातील मेदाचा कण मोठा गमतीचा आहे. त्याला एक डोके आणि दोन शेपट्या असतात. डोक्यात स्फुरद असते व त्याला पाणी आवडते. शेपट्या तेलकट असतात व त्या पाण्यापासून दूर राहू पाहतात. पेशीच्या बाहेरही पाणी आणि आतही पाणी. मग हे कण काय करतात? ते दोन थरांत उभे राहतात. डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपट्या मधल्या जागेत एकमेकींकडे. असा हा दुहेरी थर आपोआप तयार होतो. पिकाला स्फुरद का लागतो, या प्रश्नाचे एक उत्तर येथेही मिळते.

हा दुहेरी थर १९२५ मध्ये हॉलंडमधील गॉर्टर व ग्रेंडेल या शास्त्रज्ञांनी ओळखला. त्यांनी रक्तातील तांबड्या पेशींमधील मेद काढून पाण्यावर पसरविला. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली, यावरून थर दोन असले पाहिजेत असा त्यांनी निष्कर्ष काढला. पुढे १९७२ मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी असे मांडले, की हा थर घट्ट गोठलेला नसून तेलासारखा प्रवाही असतो आणि प्रथिने त्यात तरंगत असतात. आज जगभर हेच चित्र मूलतः मान्य आहे. 'प्रवाही' हा शब्द आपण लक्षात ठेवावा. केळीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

पटल कोणती कामे करते?

पहिले काम निवडीचे. पटल पाण्याला वाट देते, पण साखर, क्षार, आम्ले यांना मुक्त वाट देत नाही. पाण्यासाठी पटलात प्रथिनांच्या खास मोऱ्या असतात. अमेरिकेतील पीटर ॲगर यांनी १९९२ मध्ये अशी मोरी दाखवून दिली आणि त्यासाठी त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एका मोरीतून सेकंदाला पाण्याचे अब्जावधी कण जाऊ शकतात. शिवाय गरजेप्रमाणे या मोऱ्या उघडतात आणि मिटतात.

दुसरे काम उपशाचे. जमिनीतील पाण्यात पालाश अगदी थोडे असते. मुळाच्या पेशीत ते त्याच्या शेकडो पट असते. कमी असलेल्या ठिकाणाहून जास्त असलेल्या ठिकाणी अन्नद्रव्य ओढून नेणे म्हणजे विहिरीतले पाणी वर चढविणे होय. त्याला मोटार लागते आणि मोटारीला वीज लागते. पटलातील काही प्रथिने हीच मोटार आहेत. त्यांना लागणारी शक्ती मुळांच्या श्वसनातून मिळते आणि श्वसनाला हवा लागते. आपण वाफशाला जे महत्त्व देतो, त्याचे शास्त्रीय कारण हे आहे. वाफसा नसेल तर खत जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही.

तिसरे काम कप्पे पाडण्याचे. पेशीच्या आतही अशीच पटले असतात. पेशीच्या मध्यभागी रस साठविणारी मोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. तिच्याभोवती पटल असते. हरितलवकाच्या आत पटलांच्या चकत्या असतात आणि प्रकाश पकडण्याचे काम त्यांच्यावरच चालते. जे पदार्थ एकत्र आल्यास घात होईल, ते या पटलांमुळे वेगवेगळे राहतात.

चौथे काम निरोपाचे. रोगजंतू आला, पाणी कमी पडले, संजीवक पोहोचले, या गोष्टींची पहिली वर्दी पुष्कळदा पटलावरील प्रथिनांना लागते आणि ती पेशीत कळविली जाते.

घरी करून पाहावा असा प्रयोग

एक बीट घ्या. त्याच्या सारख्या आकाराच्या फोडी करा. कापलेल्या पेशींचा रंग निघून जावा म्हणून फोडी तीन-चार वेळा पाण्याने धुवा. काही फोडी आदल्या रात्री शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेल्या असाव्यात. आता तीन पेले घ्या. पहिल्यात साधे पाणी व ताजी फोड, दुसऱ्यात चहाइतके गरम पाणी व ताजी फोड, आणि तिसऱ्यात साधे पाणी व बर्फाच्या कप्प्यातील फोड टाका. अर्ध्या तासाने पाहा. पहिल्या पेल्यातले पाणी जवळजवळ स्वच्छ राहील. उरलेल्या दोन्ही पेल्यांतले पाणी लालभडक होईल.

बिटाचा रंग रिक्तिकेत कोंडलेला असतो. पटल शाबूत आहे तोवर तो पाण्यात पडूनही बाहेर येत नाही. उष्णतेने पटल वितळते व फाटते, बर्फाच्या स्फटिकांनी ते चिरते, आणि रंग गळतो. पिकाच्या पेशीतून रंग गळताना आपल्याला दिसत नाही, पण साखर, पालाश आणि इतर द्रव्ये अशीच गळतात. आता आपल्या चार प्रश्नांकडे वळू.

थंडी आणि केळी

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते, हे आपण दरवर्षी पाहतो. त्याच फडताळातले करडईचे तेल मात्र पातळच राहते. खोबरेलातील मेदाच्या शेपट्या सरळ असतात, त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात व तेल लवकर गोठते. करडईच्या तेलातील शेपट्यांना बाक असतो, त्या सैल राहतात व तेल पातळ राहते.

पेशीपटलाचेही तत्त्व हेच. गव्हाचे पीक थंडी हळूहळू वाढत जाईल तशी आपल्या पटलात बाकदार शेपट्यांचा मेद वाढवीत जाते व पटल प्रवाही ठेवते. केळ मूळची उष्ण व दमट प्रदेशातली. तिला हे फारसे साधत नाही. तापमान १२ ते १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले आणि तसेच राहिले, की तिचे पटल ताठर होते. त्यातील प्रथिनांची मोटार मंदावते व गळती सुरू होते. रिक्तिकेत कोंडलेली द्रव्ये बाहेर पडून विकरांच्या संपर्कात येतात आणि साल काळी पडते. जळगाव भागातील शेतकरी थंडीच्या या नुकसानीला 'चरका' म्हणतात. शीतकपाटात ठेवलेले केळे काळे पडते तेही याच कारणाने.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हा बिघाड बुरशीमुळे होत नाही, म्हणून निव्वळ थंडीच्या नुकसानीवर बुरशीनाशकाचा खर्च करून उपयोग नाही. अर्थात पानांवर करपा असल्यास त्याची स्वतंत्र दखल घ्यावीच. दुसरी, थंडी एक-दोन रात्रींची असेल तर पटल सावरते. ती लांबली तर झालेली हानी भरून येत नाही. म्हणून उपाय थंडीच्या आधी व थंडी चालू असतानाच करावयास हवेत.

बागेच्या उत्तर व पश्चिम बाजूंना शेवरी, गजराज गवत यांसारखे सजीव कुंपण लागवडीबरोबरच करावे. थंडीच्या काळात रात्री किंवा पहाटे विहिरीचे पाणी द्यावे. ते हवेपेक्षा उबदार असते. घड केळीच्या कोरड्या पानांनी किंवा सच्छिद्र पिशवीने झाकावेत. कांदेबागेतील लहान रोपांकडे विशेष लक्ष द्यावे. मालाच्या साठवणुकीत केळी १३ ते १४ अंशांवर ठेवावीत. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास चांगली टिकतात, म्हणून एकाच शीतगृहात दोन्ही माल ठेवणे म्हणजे केळीचे नुकसान ओढवून घेणे होय.

सोयाबीनची उगवण

वाळलेल्या बियाण्यातील पटल आकसून विस्कळीत झालेले असते. बियाला पाणी मिळाले, की ते पुन्हा नीट जुळते. पण ते जुळेपर्यंत बियातील साखर व क्षार थोडेफार बाहेर गळतात. पाणी सावकाश शिरले तर पटलाला सावरायला वेळ मिळतो. पाणी एकदम शिरले तर पटल फाटते.

पाणी सावकाश शिरावे यासाठी निसर्गाने बियावर टरफल दिले आहे. सोयाबीनचे टरफल फार नाजूक असते. मळणी यंत्राचे फेरे जास्त झाले, पोती उंचावरून आदळली, थप्पी उंच रचली, की टरफलाला बारीक चिरा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाण्याला सापडतात. शिवाय सोयाबीनच्या दाण्यात १८ ते २० टक्के तेल असते. उष्ण व दमट कोठारात तेल खवट होते, तसा पटलातील मेदही खराब होतो. अशा बियातून गळलेली साखर जमिनीतील बुरशीला आयतेच खाद्य होते आणि बी कुजते. म्हणून बीजप्रक्रिया सांगितली जाते. ती बुरशीला अडविते, पण फाटलेले पटल ती शिवू शकत नाही.

यावरून पुढील काळजी घ्यावी. मळणीच्या वेळी दाण्यात १३ टक्के ओलावा असेल तर यंत्राची गती मिनिटाला ३०० ते ४०० फेरे व १४ टक्के असेल तर ४०० ते ५०० फेरे ठेवावी. बियाण्याचा ओलावा साठवणीत १२ टक्क्यांच्या आत असावा. थप्पी पाच पोत्यांपेक्षा उंच नसावी. भाताचे बी भिजवितात तसे सोयाबीनचे बी पेरणीपूर्वी पाण्यात भिजत घालू नये.

पेरणीपूर्वी घरीच उगवणक्षमता तपासावी. सरसकट काढलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, वरून ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व ती सावलीत ओलसर ठेवावी. सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. उगवण ७० टक्के वा त्याहून अधिक असल्यास हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरे. ती ६० टक्के भरली तर ७५ ला ७० ने गुणून ६० ने भागावे, म्हणजे हेक्टरी साडेसत्त्याऐंशी किलो बियाणे वापरावे. त्याहून कमी उगवणीचे बियाणे पेरण्याचा धोका पत्करू नये. दुबार पेरणीच्या खर्चापुढे एका गोणपाटाचा खर्च काहीच नाही.

पाण्यात उभे पीक का सुकते?

मोठ्या पावसानंतर भारी काळ्या जमिनीत पाणी साचते. मातीच्या पोकळ्यांतली हवा निघून जाते. मुळांचे श्वसन गुदमरते, पटलातील मोटारी बंद पडतात आणि पेशीच्या रसात आम्लता वाढते. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये असे दाखविले, की ही आम्लता वाढताच मुळांतील पाण्याच्या मोऱ्या मिटतात. मुळाभोवती पाणीच पाणी, पण आत जायला वाट नाही. वर ऊन पडले, की पाने पाणी मागतात आणि झाड माना टाकते. लांबलेल्या उघडिपीनंतर एकदम जोराचा पाऊस झाल्यावर कपाशीत जी आकस्मिक मर दिसते, तिच्यात मुळांच्या या गुदमरण्याचा मोठा भाग आहे.

अशा वेळी जमिनीतून खत देऊन लगेच फायदा होत नाही, कारण ते उचलणारी मोटारच बंद असते. पहिले काम चर काढून पाणी शेताबाहेर काढण्याचे. दुसरे, वाफसा येताच हलकी कोळपणी करून मुळांशी हवा खेळविण्याचे. खताचा विचार त्यानंतर. ज्या शेतात दरवर्षी पाणी तुंबते, तेथे रुंद वरंबा व सरी पद्धतीचा अवलंब करावा.

क्षारपड जमिनीतील तहान

कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. पटलाच्या ज्या बाजूला क्षार अधिक, त्या बाजूला पाणी जाते; यालाच परासरण म्हणतात. जमिनीतील पाणी खारट झाले तर मुळाला पाणी ओढणे जड जाते. विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली, की जमीन क्षारयुक्त समजली जाते. रोपाच्या बुडाशी एकदम जास्त रासायनिक खत पडल्यास रोप करपते, तेही याच नियमाने.

यात आणखी एक भाग कॅल्शियमचा आहे. पटलावरील मेदाच्या डोक्यांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम कॅल्शियम करते. सोडियम वाढला, की तो कॅल्शियमची जागा घेतो. बांधणी सैल होते, पालाश बाहेर गळते आणि सोडियम आत घुसतो. सांगली-कोल्हापूरकडील नदीकाठच्या जास्त पाण्याच्या ऊसशेतीत ज्या जमिनी बिघडल्या, तेथे हे दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात. म्हणून आधी माती परीक्षण करून घ्यावे. जमीन नुसती क्षारयुक्त असेल तर चर किंवा सच्छिद्र पाइपने निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. ती चोपण असेल तर परीक्षणानुसार जिप्सम व शेणखत घालावे, आणि निचराही करावा. निचऱ्याशिवाय जिप्सम म्हणजे पैसे मातीत घालणे होय.

आपल्या अंगावरचे पटल

शेवटची गोष्ट पिकाची नाही, आपली आहे. माणसाच्या पेशींचे पटलही मेदाच्या अशाच दुहेरी थराचे असते. जे विष तेलात विरघळते, ते अशा थरातून सहज आत शिरते. अनेक कीटकनाशके नेमकी अशीच असतात; किडीच्या अंगात शिरावीत म्हणून ती तशी बनविलेली असतात. ती आपल्या कातडीतूनही रक्तात जातात, आणि घामाने भिजलेल्या कातडीतून अधिक लवकर जातात. तोंडावाटे औषध गेले नाही म्हणजे विषबाधा होणार नाही, हा समज सोडून द्यावा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी कोणीच विसरू नये.

औषध उघड्या हाताने ढवळू नये. गळका पंप पाठीवर घेऊ नये. हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. कपडे औषधाने भिजले तर दिवस संपण्याची वाट न पाहता लगेच बदलून अंग साबणाने धुवावे. आपल्या शेतात मजुरीने फवारणारा माणूस असेल, तर त्याच्यासाठी ही साधने पुरविणे हे आपले काम आहे.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१. थंडीने केळीचे पटल ताठरते. वारा अडविणे, उबदार पाणी देणे व घड झाकणे हाच उपाय.

२. सोयाबीनचे बी हळुवार हाताळावे आणि उगवण तपासल्याशिवाय पेरू नये.

३. पाणी साचल्यास आधी निचरा, मग हवा, आणि त्यानंतर खत.

४. क्षारपड जमिनीत परीक्षण व निचरा आधी. जिप्सम फक्त चोपण जमिनीत.

५. फवारणी करताना आपल्या कातडीची राखण आपणच करावी.

पुढच्या वेळी पीक बिघडलेले दिसले, की 'कोणते औषध मारू?' असे विचारण्याआधी 'पेशीच्या कुंपणाला कशाने धक्का बसला?' असे स्वतःला विचारून पाहा. थंडीने, पाण्याने, क्षाराने की आपल्याच घाईने? कारण सापडले, की पुष्कळदा दुकानाची पायरी चढावीच लागत नाही.